पावसाळी रात्री, सापांच्या वाटेवर

चार चांगले पाऊस झाले की बेळगावच्या गाड्या आंबोलीची वाट धरतात. धबधब्याखाली भिजायचे, गरम भजी आणि भाजलेले कणीस खायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचे, असा बहुतेकांचा बेत. आमची सहल मात्र अंधार पडल्यावर सुरू होते. शिनोळी, पाटणे फाटा मागे टाकून आम्ही आंबोलीत मुक्काम करतो आणि जेवण झाल्यावर विजेऱ्या घेऊन बाहेर पडतो. आम्ही साप पाहायला जातो. पाहायला, पकडायला नव्हे.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलते. एवढे पाणी म्हणजे बेडूक, आणि बेडूक म्हणजे साप, असा साधा हिशेब. ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी चापडा वेटोळे करून बसलेला असतो. कोणी हिरवा, कोणी पिवळसर, कोणी तपकिरी. एकाच जातीत इतके रंग की नवख्याला ते वेगवेगळे साप वाटावेत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगी असते. तिच्यामुळे भक्ष्याच्या अंगची उष्णता त्याला अंधारातही कळते. शोधत फिरण्यापेक्षा दबा धरून बसणे हा त्याचा स्वभाव, म्हणून आज दिसलेला चापडा उद्याही त्याच फांदीवर सापडतो.

शेजारच्या झुडपात हरणटोळ झोपलेली असते. ती टाळू फोडते अशी आपल्याकडची जुनी समजूत. प्रत्यक्षात तिचे विष सौम्य आहे आणि माणसाला त्याचा धोका नाही. भिंतीच्या फटीत, खडकाच्या सावलीत छोट्या पाली असतात. त्यांतल्या एकीला २०१८ मध्ये आंबोलीचेच शास्त्रीय नाव मिळाले. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडातला मासा २०२० मध्ये जगापुढे आला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. ही हिरण्यकेशी पुढे कर्नाटकात संकेश्वराकडे वाहत जाते. नद्यांना आणि सापांना सीमाप्रश्न माहीत नाही.

नावांची गंमत मात्र आपल्या घरांतच कळते. आमच्या सासूबाई हुक्केरीकडच्या. परत आल्यावर आमच्या लेकीने सांगितले, ‘‘अज्जी, आम्हाला धामण दिसली!’’ त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. ‘‘केरेहावु,’’ असे म्हटल्याबरोबर त्या उद्गारल्या, ‘‘अय्यो, ती तर उंदीर खाणारी, गरीब!’’ त्या रात्री आम्ही यादीच केली. नाग म्हणजे नागरहावु, मण्यार म्हणजे कट्टुहावु, घोणस म्हणजे कोळकुमंडल, फुरसे म्हणजे गरगसमंडल, अजगर म्हणजे हेब्बावु, घोरपड म्हणजे उडा. फुरशाच्या नावातला ‘गरगस’ म्हणजे करवत. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढते, हे निरीक्षण त्या नावातच आहे. ‘कोळकु’ म्हणजे घाण. घोणशीच्या दंशाने मांस सडते, त्यावरून हे नाव आले, असे सासूबाई सांगतात.

नागराजाला कन्नड मुलखात काळिंग म्हणतात. १८३६ पासून भारतापासून फिलिपाइन्सपर्यंतचे सगळे नागराज एकाच जातीचे मानले जात. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या चार जाती केल्या आणि पश्चिम घाटातल्या जातीला चक्क ‘काळिंग’ हेच नाव दिले. मलनाडच्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द जगाच्या शास्त्रात गेला! आगुंब्याला रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये उभारलेल्या केंद्रात या सापाचा अभ्यास झाला. पालापाचोळ्याचे घरटे करून त्यात अंडी घालणारा हा जगातला एकमेव साप.

या सहलीची दुसरी बाजू रस्त्यावर दिसते. पावसात जमिनीतून वर आलेला खापरखवल्या डांबर ओलांडताना चिरडला जातो. गांडुळे खाऊन जगणारा हा बिनविषारी जीव. त्याचे कूळ दक्षिण भारत आणि श्रीलंका सोडून जगात कुठेच नाही. फक्त आंबोली परिसरात आढळणारा आंबोली टोडही असाच चाकाखाली जातो. आम्ही घाटात रात्री ताशी वीस किलोमीटरच्या वर गाडी नेत नाही. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

आणि तिसरी बाजू जिवाची. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली आणि त्याच वर्षी केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. चापड्यावर आणि नागराजावर नाही. म्हणून फांदीवरचा चापडा कितीही देखणा असला तरी हातभर काठीने त्याला हलवून फोटो काढणारा तरुण शूर नसतो.

जायचेच असेल तर स्थानिक जाणकार सोबत घ्या, राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरू नका, पायात गमबूट घाला. विजेरीचा झोत सापाच्या डोळ्यांवर रोखून धरू नका. फोटोबरोबर नेमकी जागा जाहीर करू नका. सापाला हात लावू नका. परवानगीशिवाय पकडणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हाही आहे. दंश झालाच तर अंगठी, बांगडी काढा, तो अवयव हलू देऊ नका. चिरा देणे, चोखणे, करकचून बांधणे हे काही करू नका. १०८ ला फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा तिन्ही राज्यांत चालतो. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

‘साप मरावा, काठी मोडू नये’ ही म्हण मराठीत आहे, आणि ‘हावू सायबेकु, कोलू मुरियबारदु’ अशी कन्नडमध्येही. दोन्ही भाषांनी सापाच्या मरणाचेच शहाणपण मुलांच्या हाती दिले. आता त्याच दोन भाषांतली त्यांची नावेही मुलांना शिकवूया. अंगणात निघालेली धामण ही केरेहावु आहे, उंदीर खाते आणि चावली तरी विष नाही, एवढे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असले तरी तिच्यासाठी काठी शोधायला कोणी धावणार नाही.