चिलमीची छापी

पाइपच्या तोंडाला दात लागू नयेत म्हणून रबरी टोपी घालतात. आपल्या मातीच्या चिलमीला असते छापी. वीतभर फडकं भिजवायचं, घट्ट पिळायचं आणि खालच्या निमुळत्या टोकाला गुंडाळायचं. ओठ तापल्या मातीला लागत नाहीत, धूर थोडा निवतो, राखेचे कण फडक्यात अडकतात. किती साधी, नेमकी युक्ती! श्रीसाईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात, धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या गोष्टीत, साईबाबा सटका (आखूड काठी) आपटून जमिनीतून पाणी काढतात ते छापी भिजवायलाच. तंबाखूचं विष मात्र छापीने अडत नाही, आणि चौघांत फिरलेली ओली छापी आजारही पसरवते. म्हणून ओढू नका. पण घरात आजोबांची चिलीम असेल तर फेकू नका; छापीसकट फोटो इथे टाका.