ऊर्जा हवी, तर प्लाझ्मा विरळ करा

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या यंत्राच्या सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही, म्हणजे अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इलेक्ट्रॉनांनी ९.२ जीईव्ही गाठले ते अवघ्या ३० सेंटिमीटरांत.

हे जमते कसे?

नेहमीच्या त्वरकातल्या धातूच्या पोकळ्यांत विद्युतक्षेत्र मीटरमागे दहा कोटी व्होल्टच्या आसपास नेले, की ठिणग्या उडू लागतात. बर्कलेच्या प्रयोगात धातूऐवजी प्लाझ्मा होता; त्यातले अणू मुळातच इलेक्ट्रॉन आणि आयन यांत फुटलेले, त्यामुळे त्याला ती भीती नाही. लेसरचा तीव्र स्पंद त्यातून धावला, की हलके इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात, जड आयन जागीच राहतात आणि होडीमागे उठावी तशी लाट उठते. तिचे क्षेत्र हजारपट प्रबळ असू शकते. तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी ही कल्पना १९७९ मध्येच मांडली होती, पण तेवढा ताकदवान लेसर तेव्हा कुठे होता?

घोडे अडते कुठे?

लेसरची ताकद वाढवत नेली की झाले, असे वाटते. पण एवढ्याने भागत नाही. प्लाझ्मातून जाणारा स्पंद प्रकाशापेक्षा किंचित मंद चालतो. लाटेवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन त्याला गाठत पुढे सरकतात आणि शेवटी लाटच त्यांना मागे खेचू लागते. यावरचा उपाय उफराटा वाटेल: प्लाझ्मा विरळ करायचा. घनता दहापट घटवली, तर क्षेत्र साधारण तिपटीने दुबळे होते, पण लाटेची साथ तीसपट अंतरापर्यंत टिकते. गोळाबेरीज केली तर ऊर्जा दहापट!

प्रकाशाला वाट

मात्र लांब अंतर म्हणजे नवी डोकेदुखी. बारीक ठिपक्यात एकवटलेला लेसर थोड्याच अंतरात पसरतो. म्हणून मध्ये विरळ आणि कडेला दाट अशी प्लाझ्माची वाट करावी लागते. बर्कलेत २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरच्या केशनलिकेत १ जीईव्ही, २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरांत ४.२, तर २०१९ मध्ये २० सेंटिमीटरांत ७.८ जीईव्ही मिळाले. पण नळीच्या भिंतींना लेसर भाजू शकतो. २०२४ मध्ये नळीच काढून टाकली: हायड्रोजनचा पातळ पडदा सोडला, एका लेसरने त्यात वाट पाडली आणि दुसरा तिच्यातून धावला. माझ्या मते आकड्यापेक्षा ही युक्ती मोठी.

पुढचा टप्पा

लाट उठवता उठवता लेसरही दमतो. मग ताजा लेसर आणून दुसरा टप्पा जोडायचा. २०१६ मध्ये बर्कलेतच हे प्रथम जमले, पण दुसऱ्या टप्प्यात भर पडली ती जेमतेम ०.१ जीईव्हीची. दुसरा लेसर मार्गावर वळवायला आरसा म्हणून पातळ फीत वापरली होती. प्रत्येक स्पंदाला तिला भोक पडते, म्हणून ती सतत पुढे सरकवावी लागते.