गाडीचे ऑइल : आकडा कोणता, किलोमीटर किती?

कपड्याच्या धंद्यात गाडी म्हणजे दुसरे दुकानच. मालेगाव, बऱ्हाणपूर, भिवंडीची खरेदी, शिवाय तालुक्याचे आठवडी बाजार. गाडी राजूर घाटात बंद पडली तर एक दिवस बुडतो, पण इंजिन उघडावे लागले तर लग्नसराईची कमाई त्यात जाते. असे असूनही आपले बहुतेक व्यापारी बंधू मिस्त्री जे ऑइल ओतील ते मुकाट्याने मान्य करतात. गिऱ्हाइकाने सुताचा नंबर न विचारता थान उचलावे, तसाच हा प्रकार आहे.

डब्यावर २०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनातले वाहणे सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला दाटपणा. सुतात नंबर वाढला की धागा बारीक होतो. ऑइलमध्ये उलट, आकडा वाढला की ऑइल जाड. एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धी फसवणूक टळते.

आपल्या जिल्ह्यात अजून काही हौशी मंडळींकडे अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी आहेत. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनी त्याच्याही बरीच आधी बंद झाली. अ‍ॅम्बेसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन काय किंवा पद्मिनीचे १०८९ सीसीचे काय, दोन्ही जाड ऑइलच्या जमान्यातली. त्यांच्या भागांमध्ये फट जास्त, सील जुनी. यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०च मानवते. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर ५०चा आकडा बरा. काउंटरवरचा पोरगा ‘चाचा, सिंथेटिक घ्या, लेटेस्ट आहे’ म्हणतो. महाग ते चांगले, हे कापडातही खरे नाही. पातळ ऑइल जुन्या सीलमधून गळते आणि प्रेशर उतरते.

आणखी एक बारकावा आहे. जुन्या इंजिनात कॅम टॅपेटवर घासत चालतो. त्याला वाचवण्याचे काम ऑइलमधले जस्त-फॉस्फरसचे मिश्रण करते. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसने खराब होते, म्हणून नव्या दर्जाच्या पातळ ऑइलमध्ये हे मिश्रण कमी केले गेले. एपीआयच्या अक्षरात ‘एस’ पेट्रोलसाठी, ‘सी’ डिझेलसाठी. २०२० साली आलेले ‘एसपी’ नव्या पेट्रोल गाडीला उत्तम, पण केवळ अक्षर नवे म्हणून जुन्या गाडीलाही ते जास्त चांगले, असे समजू नये. त्या गाडीसाठी डब्यावर जस्ताचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

रोजच्या गाडीचा हिशेब वेगळा. अलीकडच्या मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ इतके पातळ ऑइल सांगितलेले असते. ‘आपल्याकडे गरमी फार, जाड टाका’ असे म्हणणारे मिस्त्री भेटतात. त्यांचे ऐकू नये. अरुंद फटींत जाड ऑइल वेळेवर पोहोचत नाही, अ‍ॅव्हरेज घटते आणि वॉरंटीची हुज्जत होते ती निराळीच. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक हाच खरा दाखला. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असेल, तर कमी राखेचेच ऑइल हवे. नाही तर तो फिल्टर तुंबतो आणि त्याचे बिल पाहून घाम फुटतो.

बदलायचे केव्हा? कंपनी साधारणपणे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांत जे आधी होईल ते सांगते. समृद्धी महामार्गाने मेहकरहून नागपूरला जाणाऱ्या गाडीला ते ठीक. पण घर ते दुकान दोन किलोमीटर, रस्त्याची धूळ, मागे गाठोड्यांचे वजन, अशा गाडीचे इंजिन नीट तापतच नाही. आतली वाफ आणि कच्चे पेट्रोल ऑइलमध्ये मुरते. अशा वापराला पुस्तकातही ‘कठीण वापर’ म्हणून वेगळी, कमी मुदत दिलेली असते. माझ्या मते आपल्याकडे ५,००० किलोमीटर पुरे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ३,००० ते ५,००० किंवा सहा महिने. शेडमध्ये उभी असलेली गाडीसुद्धा वर्षातून एकदा मागतेच. दर वेळी फिल्टरही नवा टाकावा.

ऑइल काळे पडले म्हणून घाबरू नये, ते मळ धरून ठेवते आहे एवढाच त्याचा अर्थ. पण पट्टीवर दुधाळ दिसले, तर पाणी शिरले समजावे आणि गाडी चालवू नये. आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पाहावी. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो.

डबा पक्क्या बिलावर, ओळखीच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून घ्यावा. सील समोर फोडून घ्यावे आणि रिकामा डबा तिथेच भोसकावा, कारण त्याच डब्यात जळके ऑइल गाळून परत विकणारे आहेत. काढलेले ऑइल नाल्यात न ओतता कॅनमध्ये भरून ठेवावे आणि परवानाधारक भंगारवाल्यालाच द्यावे.