बालकांची नेत्रपरीक्षा

जन्मापासून शालेय वय संपेपर्यंत मुलांच्या डोळ्यांची रचना, हालचाल व दृष्टी यांची ठराविक काळाने, तक्रार असो वा नसो, केलेली वैद्यकीय तपासणी म्हणजे बालकांची नेत्रपरीक्षा होय. प्रौढ व्यक्तीला दिसण्यात बिघाड झाला, तर पूर्वीचे दिसणे आणि आताचे दिसणे यांतील फरक तिला कळतो व ती स्वतःहून वैद्याकडे जाते. जन्मतः किंवा अगदी लहानपणी दृष्टिदोष जडलेल्या मुलाला अशी तुलना करता येत नाही. आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसत असावे, असे ते धरून चालते. दोष एकाच डोळ्यात असेल, तर दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या साहाय्याने त्याचे खेळणे, चालणे, वाचणे बिनबोभाट चालू राहते आणि पालकांनाही शंका येत नाही. म्हणून बालकांच्या बाबतीत तक्रारीची वाट न पाहता परीक्षा करणे हाच दोष ओळखण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.

दृष्टीचा विकास : नवजात अर्भकाच्या डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी सु. १७ मिमी. असते, प्रौढावस्थेत ती सु. २४ मिमी. होते. या वाढीचा मोठा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांतच पुरा होतो. डोळा आखूड असल्यामुळे बहुतेक अर्भकांत काही प्रमाणात दूरदृष्टिता असते आणि वाढीबरोबर ती कमी होत जाते. मात्र पाहणे ही केवळ डोळ्याची क्रिया नव्हे. जालपटलावर पडलेल्या प्रतिमेचा अर्थ मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्र लावते. या केंद्रातील कोशिकांची (पेशींची) जोडणी जन्मतः पूर्ण झालेली नसते. दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट प्रतिमा सतत येत राहिल्या, तरच ती योग्य रीतीने पक्की होते.

डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनी ही गोष्ट सिद्ध झाली. पिलाच्या एका डोळ्याची पापणी आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात शिवून ठेवली व पुढे ती उघडली, तरी त्या डोळ्याने त्याला जवळजवळ काही दिसत नसे. डोळा निर्दोष असूनही मेंदूतील फारच थोड्या कोशिका त्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवल्यास असा परिणाम होत नसे. या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दृष्टीच्या विकासाला ठराविक कालमर्यादा असते, या तत्त्वावरच बालकांच्या नेत्रपरीक्षेचे वेळापत्रक आधारलेले आहे.

मंददृष्टी : एका किंवा क्वचित दोन्ही डोळ्यांकडून मेंदूला स्पष्ट प्रतिमा न मिळाल्यामुळे दृष्टी अविकसित राहण्याच्या विकाराला मंददृष्टी म्हणतात. व्यवहारात त्याला ‘आळशी डोळा’ असेही म्हटले जाते. त्याची मुख्य कारणे तीन आहेत. तिरळेपणात दोन डोळे दोन निरनिराळ्या दिशांना वळलेले असतात. एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू नयेत म्हणून मेंदू तिरळ्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा दडपून टाकतो. दुसरे कारण म्हणजे दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या क्रमांकांत असलेला मोठा फरक. यात डोळे बाहेरून अगदी सरळ व निरोगी दिसतात, त्यामुळे हा प्रकार परीक्षेवाचून सहसा उघडकीस येत नाही. तिसरे कारण म्हणजे जन्मजात मोतीबिंदू, पापणी खाली झुकलेली असणे यांसारख्या विकारांनी प्रकाशाच्या मार्गात आलेला अडथळा. हा प्रकार सर्वांत गंभीर असतो. एका डोळ्यात दाट जन्मजात मोतीबिंदू असल्यास वयाच्या पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत शस्त्रक्रिया होणे इष्ट असते.

मंददृष्टीच्या उपचारात प्रथम मूळ कारण दूर करतात किंवा योग्य चष्मा देतात व नंतर चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून कमजोर डोळ्याला पाहण्यास भाग पाडतात. चांगला डोळा झाकण्याची कल्पना फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ यांनी १७४३ मध्ये तिरळेपणासंबंधीच्या लेखनात मांडली होती. काही मुलांत पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनाचे थेंब घालून त्याची दृष्टी तात्पुरती अंधुक करतात. मध्यम तीव्रतेच्या मंददृष्टीत रोज दोन तास पट्टी बांधणे हे सहा तासांइतकेच गुणकारी ठरते, असे अमेरिकेतील अनेक केंद्रांत झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. वय जितके कमी, तितका उपचारास प्रतिसाद चांगला मिळतो. सात वर्षांनंतर उपचाराचा काहीच उपयोग नाही, हा जुना समज मात्र आता मागे पडला आहे. मोठ्या मुलांतही काही प्रमाणात सुधारणा होऊ शकते.

इतर महत्त्वाचे विकार : छायाचित्रात किंवा मंद उजेडात बाहुली पांढरी चमकताना दिसणे हे मोतीबिंदूचे, तसेच रेटिनोब्लास्टोमा या जालपटलाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. हा कर्करोग सु. १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला होतो व बहुधा पाच वर्षे वयाच्या आतच आढळतो. वेळीच निदान झाल्यास प्राण वाचतात आणि पुष्कळदा डोळा व दृष्टीही राखता येते. काही रुग्णांत तो आनुवंशिक असल्याने भावंडांचे डोळेही तपासावे लागतात.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकांच्या जालपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. ती जन्मानंतर विकृत रीतीने होऊ लागल्यास जालपटल सुटून कायमचे अंधत्व येते. टेरी या अमेरिकन नेत्रवैद्यांनी १९४२ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले; अर्भकांना दिलेल्या अनियंत्रित ऑक्सिजनाशी त्याचा संबंध असल्याचे पुढील दशकात स्पष्ट झाले. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार जन्मवजन २,००० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या किंवा गर्भावस्थेचे ३४ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाचे जालपटल जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासले पाहिजे. लेसर उपचार करण्यास उपलब्ध असलेला काळ थोड्या दिवसांचाच असल्यामुळे येथे विलंब परवडत नाही.

अ जीवनसत्त्वाच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे बीटोचे ठिपके उमटतात व शेवटी स्वच्छमंडल मऊ पडून फुटते. ठिपके दिसताच उपचार केल्यास डोळा वाचतो. भारतात १९७० पासून लहान मुलांना हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देण्याची योजना राबविली जात असून नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ मात्रा देतात.

परीक्षेचे टप्पे व पद्धती : पहिली परीक्षा जन्मानंतर रुग्णालयातच व्हावयास हवी. नेत्रदर्शक यंत्रातून प्रकाश टाकला असता निरोगी डोळ्याच्या बाहुलीतून तांबूस परावर्तन दिसते. ते मंद, असमान किंवा पांढरे असल्यास विकाराची शंका घेतात. दुसरी परीक्षा सहा महिने ते एक वर्ष या काळात करतात. या वयात मूल हलती वस्तू नजरेने धरते की नाही, तसेच प्रत्येक डोळा आळीपाळीने झाकल्यावर ते सारखेच वागते की नाही, हे पाहतात. एक डोळा झाकताच मूल रडू लागले वा हात बाजूला सारू लागले, तर उघड्या डोळ्याची दृष्टी कमी असण्याचा संभव असतो. दोन्ही स्वच्छमंडलांवर पडणाऱ्या प्रकाशबिंदूंच्या स्थानांवरून तिरळेपणाचा अंदाज घेतात. तिसरी परीक्षा तीन ते चार वर्षांच्या दरम्यान, चौथी शाळेत प्रवेश घेताना व त्यानंतर दरवर्षी एक, असा सर्वसाधारण क्रम सोयीचा ठरतो. चष्मा असलेल्या मुलांची तपासणी सहा महिने ते एक वर्षाच्या अंतराने करावी लागते.

दृष्टीची तीक्ष्णता मोजण्याचा तक्ता नेदर्लंड्समधील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन (१८३४–१९०८) यांनी १८६२ मध्ये तयार केला. त्यातील ६/६ ओळीतील अक्षर ६ मी. अंतरावरून डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते. त्याची उंची सु. ८·७ मिमी. असते. ६/६० या दृष्टीच्या व्यक्तीला सामान्य डोळ्याला ६० मी. वरून दिसणारे अक्षर ६ मी. वरून वाचावे लागते. अक्षरओळख नसलेल्या मुलांना चित्रांचे तक्ते किंवा इंग्रजी ‘ई’ अक्षर निरनिराळ्या दिशांना वळवून छापलेला तक्ता दाखवून, त्याच्या टोकांची दिशा बोटांनी दाखविण्यास सांगतात. प्रत्येक डोळा वेगळा तपासणे अत्यावश्यक असते. मुले बोटांच्या फटीतून पाहतात, तसेच रांगेत उभे असताना पुढच्या मुलाची उत्तरे पाठ करतात. म्हणून डोळा तळहाताने पूर्ण झाकणे व अक्षरांचा क्रम बदलणे इष्ट असते. चष्म्याचा क्रमांक ठरविताना डोळ्यांत औषध घालून समायोजन-शक्ती तात्पुरती थांबवितात. लहान मुलांत ही शक्ती प्रबळ असल्यामुळे औषधावाचून काढलेला क्रमांक चुकण्याचा संभव असतो.

शालेय नेत्रतपासणी : ब्रेस्लाऊ येथील नेत्रवैद्य हेर्मान कोन (१८३८–१९०६) यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या इयत्तांत निकटदृष्टितेचे प्रमाण वाढत जाते, असे त्यांना आढळले. शाळेतील उजेड, बाके व पुस्तकांची छपाई यांच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्यास यामुळे चालना मिळाली.

भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि पुढे शालेय नेत्रतपासणी हा त्याचा भाग बनला. यात प्रशिक्षित शिक्षक प्राथमिक चाचणी घेतात, दोष आढळलेल्या मुलांना तंत्रज्ञ किंवा नेत्रवैद्य तपासतात आणि गरजूंना मोफत चष्मे दिले जातात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मजात मोतीबिंदू, मुदतपूर्व अर्भकांचा जालपटलविकार, अ जीवनसत्त्वाची उणीव व दृष्टिदोष यांचा त्यात समावेश आहे.

शालेय तपासणीला मर्यादाही आहेत. दूरच्या तक्त्यावर निकटदृष्टिता सहज उघड होते. पण दूरदृष्टिता असलेले मूल डोळ्यांवर ताण देऊन तक्ता वाचू शकते. जवळचे काम करताना मात्र त्याचे डोके दुखते, ओळी सुटतात आणि अभ्यासाचा कंटाळा येतो. अशा मुलाला पुष्कळदा आळशी वा मंदबुद्धी ठरविले जाते. म्हणून चाचणीत उत्तीर्ण होऊनही तक्रारी राहिल्यास संपूर्ण परीक्षा करून घेणे जरूर असते.

निकटदृष्टितेची वाढ : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व आशियातील शहरांत व त्यानंतर अन्यत्रही मुलांतील निकटदृष्टिता वाढत आहे. जवळचे काम अधिक व उघड्यावरील वावर कमी, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. रोज सु. दोन तास घराबाहेरील उजेडात घालविल्यास निकटदृष्टिता सुरू होण्याचे प्रमाण कमी होते. तैवानमधील शाळांत या तत्त्वावर आधारलेली योजना २०१० पासून राबविली जात आहे. तीव्र निकटदृष्टितेत पुढे जालपटल सुटणे, काचबिंदू इ. उपद्रवांचा धोका असल्याने क्रमांक किती वेगाने वाढतो हे नियमित परीक्षेने पाहत राहणे महत्त्वाचे असते.

लोकसमज व पालकांची दक्षता : तिरळेपणा भाग्याचे लक्षण आहे, तो वयाबरोबर आपोआप जातो, चष्मा लावल्याने क्रमांक वाढतो, मुलीला चष्मा लागल्यास तिचे लग्न जमणार नाही, अशा समजांमुळे उपचाराची अमूल्य वर्षे वाया जातात. पहिल्या काही महिन्यांत अर्भकाचे डोळे क्वचित वाकडे होणे स्वाभाविक असले, तरी चार महिन्यांनंतर दिसणारा तिरळेपणा नेत्रवैद्याला दाखविला पाहिजे. वाढत्या वयात क्रमांक वाढतो तो डोळ्याची लांबी वाढल्यामुळे, चष्म्यामुळे नव्हे. पुस्तक डोळ्यांजवळ धरणे, डोळे बारीक करून पाहणे, मान तिरकी ठेवणे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणे, वरचेवर डोळे चोळणे किंवा रांजणवाडी होणे ही लक्षणे दिसताच तपासणी करावी. काही काजळांत शिशाचे संयुग असल्याने अर्भकाच्या डोळ्यांत काजळ घालणे टाळावे.

परीक्षेचे फलित चष्मा देण्याने पुरे होत नाही. शाळेत मिळालेला चष्मा अनेक मुले चेष्टेच्या भीतीने किंवा घरच्यांच्या नापसंतीमुळे वापरीत नाहीत; काही चष्मे फुटतात व पुन्हा केले जात नाहीत. मुलाने चष्मा प्रत्यक्ष वापरावा, पट्टी ठरलेले तास बांधावी आणि पुढील तपासणी चुकू नये, यासाठी पालक व शिक्षक या दोघांचे लक्ष असल्यासच वेळीच ओळखलेल्या दोषावर वेळीच मात करता येते.