कांद्याचे बी आणि पावसाळ्याची ओल

कापड दुकानदाराने बियाण्यावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण शिरूर तालुक्यात आमचा गल्ला शेवटी कांद्यावरच अवलंबून. निमोण्याचे एक जुने गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता उधारीवर मागायला आले, तेव्हा कळले की घरी ठेवलेले कांद्याचे बी वाफ्यात टाकले आणि निम्मेही उगवले नाही. नवे बी आणून रोप तयार होईपर्यंत लागवड तीन आठवडे लांबली.

भाजीपाल्यात कांद्याचे बी फार अल्पायुषी. टोमॅटो, वांगी, काकडी यांचे बी नीट ठेवल्यास तीन-चार वर्षे चालते. कांद्याचे बी साध्या पिशवीत वर्षभरानंतर भरवशाचे राहत नाही. त्यात गोंडे एप्रिल-मेमध्ये निघतात आणि रब्बीचे बी टाकायचे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे सारा पावसाळा बी घरात. ते हवेतील ओल शोषते आणि आतला जीव खर्ची पडत जातो. तज्ज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की बियातील ओल १ टक्क्याने कमी केली तर आयुष्य सुमारे दुप्पट. साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरवले तरी तसेच. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बी उणे १८ अंशांत ठेवतात ते याचसाठी.

मात्र कमजोर माल गोदामात सुधारत नाही. गोंडे पिकताना अवकाळी पाऊस लागला किंवा ते हिरवेच खुडले, तर बी पहिल्यापासून अशक्त. गोंड्यात काळे बी दिसू लागले की तयार होतील तसे काढावेत, सावलीत वाळवावेत, मळताना बी फुटू देऊ नये.

सरकारी प्रमाणकात कांद्याच्या बियाला साध्या पिशवीत ८ टक्के ओल चालते, हवाबंद डब्यात मात्र ६ टक्केच. कारण डब्यात कोंडलेली ओल बाहेर जात नाही. दमट ठाण गाठीत बांधले की काय होते, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको! जुन्या घरांत मडक्यात राख घालून बी ठेवत; राख ओल ओढते, किडाही लागत नाही. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरवाल्यांना या जुन्या जतनाची किंमत कळली. फ्रीज असेल तर सुके बी घट्ट बरणीत ठेवावे. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नये, नाहीतर थंड बियावर दव धरते.

आपल्या बागवान मंडळींपैकी जे बियाणे विकतात, त्यांनी पाकिटावरची चाचणीची तारीख पाहूनच माल भरावा. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून ९ महिने असते. पोती फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत, खतापासून लांब.

पेरणीआधी १०० बिया मोजून ओल्या सुती कापडात गुंडाळाव्यात, कापड सुकू देऊ नये आणि १२ दिवसांनी कोंब मोजावेत. प्रमाणकाप्रमाणे किमान ७० यायला हवेत. मांजरपाटाचा अर्धा मीटर त्याला पुरतो. निमोण्याच्या गिऱ्हाइकाने यंदा तो सप्टेंबरातच नेला.