मुसाफिर एक रात्र थांबला तर...

रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान, निरोगी मुसलमानावर फर्ज आहेत. पण प्रवासात असलेल्याला त्यातून सूट आहे. सुटलेले रोजे त्याने नंतर सवडीने पूर्ण करायचे. जकात कुणाकुणाला द्यावी याचे जे आठ हकदार कुरआनने सांगितले, त्यांतही गरीब, निराधार, कर्जबाजारी यांच्या पंक्तीत मुसाफिराचे नाव येते. घरी तो भले खाऊनपिऊन सुखी असेल. वाटेवर अडला असेल तर त्याचा हक्क लागतो. आपल्याकडे अतिथीला देव मानतात, ते याच भावनेतून. सराई, धर्मशाळा, लंगर, पाणपोई ही सारी त्याच भावनेची बांधकामे.

आज या गोष्टीला आपण 'पर्यटन' म्हणतो. शब्द सरकारी झाला, पण मुळाशी गोष्ट तीच आहे : परका माणूस आपल्या गावात आला तर त्याचे काय होते? तो थांबतो की पुढे जातो? थांबला तर त्याचा पैसा कुणाच्या हातात पडतो, आणि जाताना तो आपल्याविषयी काय घेऊन जातो? रमजानच्या निमित्ताने यवतमाळ जिल्ह्यापुरता हा हिशेब मांडून बघू.

नाव कशाने झाले?

बाहेरगावी 'मी यवतमाळचा' म्हटले की समोरच्याला दोनच गोष्टी आठवतात : कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. दोन्ही खरे आहे. जानेवारी २०१९ मध्ये ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, तेव्हा उद्घाटनही आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका महिलेच्या हस्ते झाले. ते योग्यच होते. पण जिल्ह्याची ओळख केवळ दुःखाची राहिली, तर येणाराही सांत्वनाला येतो आणि संध्याकाळच्या आत परत जातो.

वास्तविक आपल्या गावाच्या नावातच पाहुणचार आहे. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त 'योत-लोहारा' असा परगण्याचा उल्लेख येतो. 'यवत'ला 'महल' जोडला गेला आणि बोलता बोलता 'महल'चा 'माळ' झाला, असे जुने गॅझेटिअर सांगते. अर्धे नाव इथल्या मातीतले, अर्धे फारसी दप्तरातले. दोघे इतके मिसळले की आज कुणाला सांधा दिसत नाही.

वाघ कुणाचा, कमाई कुणाची?

जिल्ह्यात आज सर्वांत जास्त बाहेरचा माणूस येतो तो टिपेश्वरला. पांढरकवड्याजवळचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाते. नागपूर-हैदराबाद महामार्ग अगदी जवळून जातो, त्यामुळे नागपूरकरांइतकेच हैदराबादकरही सुन्ना आणि माथनी गेटवर दिसतात. याच जंगलात जन्मलेल्या एका वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. शेते, रस्ते, नद्या ओलांडत, तेलंगणात डोकावून, तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे तीन हजार किलोमीटरची ती पायपीट जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. टिपेश्वरचे नाव एवढ्या दूरवर नेणारा दुसरा मुसाफिर झाला नाही.

पण याच पट्ट्यातली दुसरी गोष्टही विसरता येत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, ती अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. शहरातल्या माणसाने वाघिणीसाठी मेणबत्त्या लावल्या. गावातल्या माणसाला मात्र भल्या पहाटे कापूस वेचायला जायची धास्ती होती. दोघेही आपापल्या जागी खरे होते. अडचण एवढीच की वाघाची किंमत एका घरातून वसूल होत होती आणि वाघाचा फायदा दुसऱ्या घरात जात होता.

पर्यटनाच्या अर्थकारणाचा गाभा इथे आहे. पर्यटक किती आले हा अर्धा प्रश्न. त्यांचा रुपया कुठे थांबला हा उरलेला अर्धा. पहाटे नागपूरहून गाडी निघाली, सकाळची सफारी झाली, दुपारी परतीच्या वाटेवर जेवण झाले, तर जंगलाकाठच्या गावाला जिप्सीचालक आणि गाइड यांच्या मजुरीपलीकडे फारसे काही मिळत नाही. तोच पाहुणा एक रात्र राहिला तर खोली लागते, दोन वेळचे जेवण लागते, दूध, भाजी, अंडी, कपडे धुणारा, पंक्चर काढणारा लागतो. संध्याकाळी कोलाम-गोंडांची दंडार बघायला मिळाली तर कलावंताला चार पैसे मिळतात. सकाळी निघताना बांबूची टोपली गाडीत पडते. एका रात्रीत तोच रुपया गावातल्या दहा हातांतून फिरतो.

आणि तो कोणत्या महिन्यांत फिरतो हेही महत्त्वाचे. आपला जिल्हा कोरडवाहू कापसाचा. वेचणी संपली, तुरी निघाल्या की मार्चपासून मृगापर्यंत शेतमजुराच्या हाताला काम नसते. पोरे पुण्या-हैदराबादची गाडी धरतात. नेमके याच महिन्यांत जंगलातले पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतो आणि सफारीला गर्दी होते. शेतीचा रिकामा हंगाम हा जंगलाचा भरता हंगाम आहे. पावसाळ्यात जंगल बंद होते तेव्हा शेतीत काम असते. पर्यटन शेतीला पर्याय नाही, पण शेतीने सोडलेली फट भरणारा दुसरा धंदा याहून सोयीचा मिळणे कठीण.

यात्रेचे बेरजेचे गणित

पर्यटन म्हटले की रिसॉर्ट डोळ्यांसमोर येतो. पण आपल्या जिल्ह्यात ते फार जुने आहे आणि त्याला आपण यात्रा, जत्रा, उरूस म्हणतो. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरून गेल्यावर भेटतो. दर बारा वर्षांनी कुंडाचे पाणी देवाच्या चरणाला लागते, अशी श्रद्धा आहे. वणीचा रंगनाथस्वामी, केळापूरची जगदंबा, दिग्रसचे घंटीबाबा, आर्णीचे बाबा कंबलपोष, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. आर्णीवरून नदी ओलांडली की माहूर : रेणुकामाता, दत्तशिखर आणि तिथेच सोनापीर बाबांचा दर्गा. माहूर नांदेड जिल्ह्यात असले तरी यवतमाळकडून जाणारा भाविक चहा आर्णीत घेतो. नवरात्रात यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला तर सारे वऱ्हाड लोटते. कोलकात्यानंतर आपलाच, असे आपण अभिमानाने सांगतो.

या सगळ्या ठिकाणी एक दृश्य सारखे असते. देवीच्या यात्रेत बांगड्या भरणारा मणियार असतो आणि उरुसात नारळ-रेवड्या विकणारा हिंदू हलवाई असतो. दुर्गोत्सवाच्या मंडपाला लाइटिंग करणाऱ्या, ढोल-ताशा वाजवणाऱ्या, मूर्तीची गाडी चालवणाऱ्या हातांत मुसलमान हात असतात. संदलच्या मिरवणुकीत फुलांची चादर विणणारा माळी असतो. कुणी कुणावर उपकार करत नाही. ज्याला जे येते ते तो करतो आणि संध्याकाळी चार पैसे घेऊन घरी जातो.

म्हणूनच यात्रेत कुणी दुकान लावावे आणि कुणी लावू नये अशी भाषा ऐकू येते, तेव्हा काळजी वाटते. २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या यात्रेत मुस्लिम व्यावसायिकांना मनाई करणारा ग्रामसभेचा ठराव राज्यभर गाजला. आपल्याकडे ती हवा येऊ नये. यात फक्त त्या दुकानदाराचे नुकसान नाही. शंभर दुकानांतली तीस उठली तर यात्रा ओकीबोकी होते, गर्दी घटते आणि उरलेल्या सत्तरांचाही गल्ला हलका होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ओळख मोडते. वर्षातून एकदा ज्याच्याकडून आई बांगड्या भरते, त्याच्याविषयी ऐकलेल्या अफवेवर मुलगा चटकन विश्वास ठेवत नाही. अशा ओळखी जमाखर्चाच्या वहीत दिसत नाहीत, पण गावाला दंगलीच्या दिवशी त्याच वाचवतात.

हीच गोष्ट आपल्या दर्ग्यांनाही लागू आहे. जिआरतीला आलेल्या बिगरमुस्लिम भगिनीला बसायला सावली, प्यायला पाणी, स्वच्छ शौचालय मिळते का? देणगीसाठी कुणी तिच्या मागे लागते का? पाहुणचाराचा दावा करायचा तर तो आधी आपल्या अंगणात सिद्ध करावा लागतो.

शकुंतलेची वाट

या हिशेबात एक पान अजून कोरे आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे १९०३ ची. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा म्हणून किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने ती चालवली. मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढले. दारव्हा-मोतीबागच्या फलाटावर वाढलेल्या पिढीसाठी 'शकुंतला' ही घरातली लेक होती. गरिबाला परवडणारी आणि वाटेत हाक मारली तर थांबणारी. आता ती थांबली आहे. दार्जिलिंग, उटी, माथेरानच्या छोट्या गाड्या बघायला लोक पैसे खर्चून जातात. आपली गाडी मात्र बाभळीत रुतली आहे. तिचा काही तुकडा जरी वारसा म्हणून धावला तरी कापूस, गुलामी आणि गिरण्या यांचा इतिहास मुलांना डब्यात बसून शिकता येईल.

दुसरीकडे आशेची बातमीही आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची वर्धा ते कळंब ही गाडी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. पुढचा टप्पा पूर्ण होईल तेव्हा बाहेरचा माणूस थेट आपल्या दारात उतरेल. त्याला उतरल्यावर काय दाखवायचे, हे आजच ठरवायला हवे.

त्यासाठी फार मोठ्या घोषणा लागत नाहीत. जंगलाकाठच्या गावातल्या बचतगटांना घरगुती मुक्कामासाठी परवाने आणि कर्ज सोपे व्हावे. गाइड आणि जिप्सीचालक शक्यतो त्याच गावचे असावेत. जनावर मेले, पीक तुडवले तर भरपाई वेळेवर मिळावी, म्हणजे वाघ गावाला वैरी वाटणार नाही. पोहरादेवीला जाणाऱ्या बंजारा भाविकाला दिग्रसमध्ये, माहूरच्या भाविकाला आर्णीत रात्री बायकामुलांसह निर्धास्त राहता येईल अशी जागा हवी.

आणि एक काम आपल्याच हातात आहे. ईदला मुंबई, पुणे, हैदराबादहून लेकी-सुना, नातवंडे घरी येतील. शिरखुर्मा झाल्यावर शेजारच्या काकूंच्या मुलांनाही सोबत घ्या. एक दिवस कळंब दाखवा, एक पहाट टिपेश्वर दाखवा, जेवण तिथल्याच गावात घ्या. ज्या जिल्ह्याच्या लोकांनी आपला जिल्हा स्वतः बघितला नाही, त्यांच्याकडे मुसाफिर थांबत नसतो.