लांबचा पल्ला आणि शरीराची पूर्वतयारी

डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांच्या प्रेरणेने शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाल्या. पल्ला सुमारे पाच हजार किलोमीटरांचा होता. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या कण्याच्या विकारामुळे सोबतच्या वाहनातून प्रवास करीत. शरीराची मर्यादा ओळखून वागल्याने कार्य उणे होत नाही, हेच यावरून दिसते. आजही एखाद्या रुग्णालयासाठी वा शाळेसाठी निधी जमविण्याकरिता सायकलयात्रा काढल्या जातात आणि त्यांत व्यायामाची सवय नसलेली माणसेही उत्साहाने नावे नोंदवितात. अशांनी तयारी कशी करावी?

उदाहरणादाखल कुंभकोणम हे गाव घेऊ. कावेरीच्या खोऱ्यातील हे नगर मराठी माणसाला परके नाही. तंजावरच्या मराठी राज्याच्या छायेत येथे अनेक मराठी कुटुंबे नांदली. प्रसिद्ध दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला. येथून तंजावर सुमारे ४० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ८० किलोमीटरांची यात्रा योजली आहे, असे समजू.

रस्ता सपाट आहे, म्हणून तो सोपा वाटतो. परंतु सपाटीवर उतार नसल्यामुळे पायांना फुकटची विश्रांती मिळत नाही. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरांऐवजी २० किलोमीटर वेगाने गेल्यास हा विरोध पावणेदोन पटींहून किंचित अधिक होतो. नवशिक्याने आरंभी सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकाच वेग ठेवावा.

अशा संथ पण नियमित श्रमाने शरीरात खरा पालट घडतो. हृदय प्रत्येक आकुंचनात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंत सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. हे काम एका आठवड्यात होत नाही. त्यास दोन-तीन महिने द्यावे लागतात. कंडरा व सांधे यांना तर स्नायूंहूनही अधिक अवधी लागतो. म्हणून घाई करणाऱ्याचे गुडघे प्रथम तक्रार करतात.

आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवावी. आरंभी दारासुरमपर्यंत जाऊन परत यावे. हे अंतर आठ किलोमीटरांच्या आसपास भरते. पाय सरावले की स्वामिमलैपर्यंत जाऊन यावे, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर होतील. त्यानंतर आठवड्यातील एकच फेरी दर खेपेस चार किलोमीटरांनी वाढवावी. अकरा आठवड्यांत ती ६० किलोमीटरांवर पोहोचते. मधूनमधून एखादा आठवडा हलका ठेवावा. ६० किलोमीटर सुखाने पार करणारा मनुष्य पुरेशी विश्रांती घेत ८० किलोमीटरही पुरे करू शकतो. बैठकीची उंची अशी असावी की, टाच पायट्यावर ठेवली असता खालच्या टोकाशी गुडघा सरळ होईल.

या प्रदेशात खरा प्रतिस्पर्धी म्हणजे दमट उष्मा होय. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. घाम वाळला तरच ही उष्णता निघून जाते; हवा दमट असली की तो नुसताच ओघळतो. उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो व त्यातील मिठाचे प्रमाण घटते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे येथील मुख्य पावसाचे दिवस आणि मे महिना कडक उन्हाचा. म्हणून यात्रेस जानेवारी-फेब्रुवारी हा काळ उत्तम. निघावे ते पहाटे.

स्नायू व यकृत यांत साठविलेले ग्लायकोजेन दीर्घ श्रमात काही तासांतच ओसरते. म्हणून भूक लागण्यापूर्वीच केळे, इडली असे थोडे थोडे खात राहावे. नुसते पाणी अतोनात प्याल्याने रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने घटू शकते. तमिळ घरांतील ‘नीर मोर’, म्हणजे मीठ घातलेले पातळ ताक, येथे फार उपयोगी पडते. तहानेप्रमाणे प्यावे.

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी तसेच दीर्घकाळ व्यायाम न केलेल्या प्रौढांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. वाटेत छातीत दुखू लागले, भोवळ आली किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली, तर तत्क्षणी थांबावे. असंबद्ध बोलणे हे उष्माघाताचे लक्षण असू शकते, मग घाम येत असो वा नसो. अशा माणसास सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.

धर्मार्थ यात्रेत एक मोह विशेष प्रबळ असतो. दात्यांना दिलेला शब्द मोडू नये, म्हणून यात्रिक थकव्याकडे दुर्लक्ष करतो. आयोजकांनी निधी किलोमीटरांच्या हिशेबाशी न जोडता सहभागाशी जोडला, तर हा ताण पुष्कळ कमी होईल. ज्या कार्याचा हेतू दुसऱ्याचे दुःख हलके करणे हा आहे, त्यात नवा रुग्ण निर्माण होऊ न देणे हीही सेवाच होय.